आठातल्या चार तारा

सकाळचे नऊ वाजले की जॉइंटर इंटरनेट कंपनीला फोन लावायचा आणि सव्वानऊपर्यंत त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचलेला असायचा. समोरचा शिंपी म्हणायचा, या माणसाला फोन लागतोच कशाला, खिडकी उघडून बोलला तरी कंपनीला ऐकू जाईल.

जॉइंटर हे काही त्याचं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्याने टेलिफोन खात्यात केबल जोडल्या. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरायचं, मांडी घालून बसायचं आणि तुटलेल्या केबलमधल्या शेकडो बारीक तारा रंग बघून एकीला एक जोडायच्या, हे त्याचं काम. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी नाव चिकटलेलंच होतं. कामाला पक्का होता, हे त्याचे शत्रूसुद्धा सांगतील. आणि शत्रू त्याने भरपूर जमवले होते, कारण राग नेहमी नाकावर आणि जिभेला हाड नाही.

त्याचं घर दुमजली, पण लहानसं. खाली बैठकीची खोली, एक बोळ, बोळाला लागून बायकोची खोली. वर एकच खोली, तिथे लेकीचं काम चालायचं. तीन महिन्यांपूर्वी बायको न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती पलंगावरच होती. त्याच आठवड्यात लेकीला नवीन काम मिळालं, आणि त्याच आठवड्यात जॉइंटरने जुनं कनेक्शन बदलून तीनशेच्या वेगाचं घेतलं. तीन गोष्टी एकदम झाल्या. सगळा घोटाळा तिथेच झाला, पण ते कळायला फार उशीर लागला.

लेकीचं काम सगळ्यांना जमण्यातलं नव्हतं. ती बहिऱ्या माणसांच्या खुणांची भाषा बोलायची. इस्पितळात एखादा बहिरा पेशंट आला की त्याच्यासमोर एक स्क्रीन ठेवायचे आणि त्या स्क्रीनवर ही दिसायची, आपल्या वरच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीसमोर बसलेली. डॉक्टर बोलले की ही हातांनी सांगायची, पेशंटने हात हलवले की ही तोंडाने बोलायची. आणि बोलायची ते ‘मी’ म्हणून. ‘पेशंट म्हणतोय त्याचं पोट दुखतंय’ असं नाही, ‘माझं पोट दुखतंय’ असं. तो त्या धंद्याचा नियमच होता. पदरचं काही घालायचं नाही, समोरच्याचं काही गाळायचं नाही, आपण तिथे नाहीच असं वागायचं. पहिल्या आठवड्यात जॉइंटरने जिन्यातून ऐकलं, लेक म्हणतेय, “माझ्या छातीत कळ येते, डावा हात बधिर होतो.” हा माणूस एका दमात जिना चढून धाडकन दार उघडून आत. इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्क्रीनवर त्याला बनियनवर बघितलं. लेक आठवडाभर बोलली नाही त्याच्याशी.

आता अशा कामात चित्र अडकलं तर काय होतं, ते सांगायला नको. फोनवर आवाज तुटला तर माणूस ‘काय म्हणालात?’ म्हणतो. इथे हात हवेत गोठला की शब्दच गेला. म्हणून लेकीच्या संस्थेचा नियम कडक होता. चालू बोलण्यात तीनदा चित्र तुटलं की यादीतून नाव बाद. कारण कोणाचं का असेना, ते विचारत नाहीत.

लेकीचे दोन झाले होते.

म्हणून जॉइंटर भडकलेला होता, आणि बरोबरच होतं ते. जाहिरातीत तीनशेचा आकडा डोक्याएवढा. वरच्या खोलीत मोजलं तर नव्वद. कधी पंचाऐंशी. आणि मध्येच कधीतरी थेट शून्य, दहा-वीस सेकंद, की पुन्हा नव्वद. कंपनीला विचारलं तर फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, तीनशेपर्यंत असं लिहिलंय.”

“पर्यंत म्हणजे?”

“म्हणजे सर, जास्तीत जास्त तीनशे.”

“म्हणजे शून्य आलं तरी तुमचं खरंच. मी तुम्हाला जेवायला बोलावलं, पोटभरपर्यंत वाढतो म्हणालो, आणि ताटात एक घास टाकला, तर चालेल का तुम्हाला?”

“सर, आपण एकदा राउटर बंद करून चालू करून बघाल का?”

ते वाक्य ऐकलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बंद करून चालू करा. चौतीस वर्षांत त्याने एकाही गिऱ्हाईकाला असं सांगितलं नव्हतं. पण लेकीसाठी त्यानं तेही केलं. बंद करून चालू केलं. घरातले बाकीचे फोन बंद केले, टीव्ही बंद केला. वरच्या खोलीतला राउटर टेबलावरून कपाटावर ठेवला, कपाटावरून खिडकीत ठेवला. सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, संध्याकाळी मोजलं, आणि सगळं एका वहीत लिहिलं. डाव्या बाजूला वेळ, मग वेग, मग फॉल्ट, आणि शेवटी एक रकाना: कारण. खात्यात असताना अशाच वह्या असायच्या. या वहीत कारणाच्या रकान्यात पानोपान एकच शब्द होता: कंपनी.

लेक म्हणाली, “बाबा, माझा लॅपटॉप खाली नेऊन, बोळात कंपनीची लाइन येते त्या डब्यालाच लावून बघू या ना. तिथे तीनशे आलं तर मधल्या वायरचं काहीतरी असेल.”

“मधली वायर मी टाकलीय,” जॉइंटर म्हणाला.

“म्हणूनच म्हणते, एकदा बघू.”

“मी टाकलीय म्हटलं ना.”

विषय संपला. ती तीनदा म्हणाली, तिन्ही वेळा तिथेच संपला. बघा, फॉल्ट शोधायची खरी रीत याच माणसाने अर्ध्या खात्याला शिकवली होती. लाइनचे दोन भाग करा, मधोमध मोजा, चांगला भाग सोडा, उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करा. लेक तेच सांगत होती. पण जॉइंटर लोकांत आणखी एक रीत होती. प्रत्येक जण जोड बंद करताना टेपचा शेवटचा वेढा आपल्या पद्धतीने मारायचा, त्यावरून जोड कोणाची ते ओळखू यायचं, आणि दुसऱ्याने बंद केलेली जोड उघडणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारण्यासारखं. स्वतःची जोड स्वतः उघडणं तर त्याहून वाईट. ते म्हणजे आपण चुकलो असं चारचौघांत सांगणं. याची एकही जोड चौतीस वर्षांत उघडावी लागली नव्हती, हे तो दर चार माणसांमागे एकाला सांगायचा.

कंपनीचा माणूस पहिल्यांदा आला, तो चाळिशीचा, खांद्याला जड बॅग, बुटांना चिखल. बोळातल्या डब्याला त्याने आपला लॅपटॉप लावला आणि म्हणाला, “काका, इथे तीनशे दहा येतंय.”

“लॅपटॉप तुमचा, मीटर तुमचं, आकडा तुमचाच. येणारच.”

“वरपर्यंत गेलेली वायर बघू का जरा?”

“तिला हात लावायचा नाही. तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून मी वायर ओढतोय. तुमची लाइन बघा, माझी नको.”

बॅगवाला बॅग उचलून गेला. मागाहून फोनवर मेसेज आला, सेवेला किती तारे द्याल? जॉइंटरने एक तारा दिला आणि खाली आठ ओळींची तक्रार खरडली. दुसऱ्यांदाही तोच माणूस आला, तेच झालं, पुन्हा एक तारा. दुसऱ्या वेळी बायको खोलीतून म्हणालीसुद्धा, “अहो, बघू दे की त्याला. वायर काय झिजणार आहे त्याने बघितली म्हणून?”

“तू पडून राहा,” हा म्हणाला.

ती पडूनच होती बिचारी, दुसरं काय करणार होती. तिच्या उशाशी एक बटण होतं. ते दाबलं की वर लेकीच्या टेबलावर लाल दिवा लागायचा, कारण लेकीच्या कानांवर हेडफोन असायचे, हाक ऐकू जायची नाही. ती सोय जॉइंटरने स्वतःच्या हाताने केली होती, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता. आल्यागेल्याला दाखवायचा. बायकोही ते बटण जपून वापरायची. औषधाला, नाही तर अगदीच निकड असली तर. लेक कामात असेल म्हणून तास-तास कळ काढायची.

तिसऱ्यांदा बॅगवाला आला तो एका मंगळवारी, सकाळी अकराला. लेक वर कामात होती. त्याने लॅपटॉप डब्याला जोडला, आणि या वेळी वरच्या खोलीतल्या राउटरपर्यंत लाइन जिवंत आहे की नाही ते दाखवणारी हिरव्या ठिपक्यांची रांग स्क्रीनवर चालू केली. मग खाली मान घालून म्हणाला, “काका, एक सांगू? तुमचे दोन तारे आलेत माझ्यावर. म्हणजे एकेक करून दोन. अजून एक आला की मला या भागातून काढतात. मी तुमच्याशी भांडायला आलो नाही. मला फक्त वरची वायर पाच मिनिटं बघू द्या.”

झालं. दुसरा कोणी असता तर पाघळला असता. जॉइंटरचा पारा चढला. त्याला वाटलं, आता हे भावनेला हात घालतायत.

“म्हणजे तुमची नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसू? आणि माझ्या लेकीची जाते ती? दोनदा तुटलंय तिचं. दोनदा. तुमच्यामुळे. तीनशे म्हणून नव्वद विकता, वर आमच्याच घरात येऊन आमच्याच वायरवर खापर फोडता. लाज कशी वाटत नाही?”

“काका, हळू. वर त्यांचं काम चालू असेल.”

“मला माझ्या घरात हळू बोलायला सांगता?”

आणि मग त्याने जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. बॅगवाल्याच्या कंपनीपासून सुरुवात झाली आणि त्याच्या शिक्षणापर्यंत गाडी आली. तो माणूस भिंतीला टेकून ऐकून घेत होता. खोलीत पलंगावर बायको दोनदा “अहो” म्हणाली, ते या गोंधळात कोणाला ऐकू जाणार? तिला त्या माणसाची कीव आली, नवऱ्याची लाज वाटली, आणि आता लेकीने खाली येऊन याला आवरल्याशिवाय काही खरं नाही, असं तिला वाटलं. तिने उशाशी हात नेला आणि बटण दाबलं. चांगलं घट्ट, दाबूनच धरलं.

बॅगवाल्याच्या स्क्रीनवरचे हिरवे ठिपके एकदम लाल झाले.

त्याने ठिपक्यांकडे बघितलं, मग उघड्या दारातून पलंगाकडे, मग बटणावरच्या अंगठ्याकडे. तेवढ्यात वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि लेक जिन्यावर आली. शेवटच्या तीन पायऱ्या तिने उतरल्याच नाहीत, तिथेच कठडा धरून उभी राहिली.

“तुटलं,” ती म्हणाली. “तिसरं.”

जॉइंटर बॅगवाल्याकडे वळला, बोट उगारून. पण बॅगवाला त्याच्याकडे बघतच नव्हता. तो दाराशी जाऊन अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “काकू, ते काय दाबलंत? आणि त्याची वायर कुठून गेलीय?”

बायकोने उत्तर द्यायच्या आधीच जॉइंटरला कळलं. उगारलेलं बोट खाली आलं.

कारण ती वायर कुठून गेलीय हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? इंटरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. त्याने पूर्वी बघितलं होतं तेव्हा चारांवर काम भागायचं, उरलेल्या चार रिकाम्या. आणि रिकामी जोडी तशीच सोडणं हे जॉइंटरसारख्या जातिवंत कामगाराला पाप वाटायचं. एके काळी लोक फोनसाठी वर्षानुवर्षं थांबायचे. जमिनीत एक जोडी रिकामी राहिली म्हणजे एका घरातला फोन राहिला. म्हणून बायकोच्या बटणाला नवीन वायर ओढायची सोडून त्याने केबलमधल्या त्या चार तारा बाहेर काढल्या, बटणाला आणि दिव्याला जोडल्या, वर टेप मारली, शेवटचा वेढा आपल्या पद्धतीचा. छान काम केलं म्हणून स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.

तो वर गेला. ब्लेडने स्वतःची टेप कापली. बॅगवाला मागे उभा राहिला, लेक दारात.

“आता हिला आठही लागतात, काका,” बॅगवाला म्हणाला. “चारांवर चालते, पण शंभराच्या वर जात नाही. आणि शेजारून दिव्याचा करंट गेला की सुटतेच.”

“पूर्वी चार पुरायच्या.”

“हो. पूर्वी पुरायच्या.”

एवढंच बोलला तो. टोमणा नाही, काही नाही. जॉइंटरला वाटलं, याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोघांनी मिळून आठही तारा पुन्हा बसवल्या. बटणाला वेगळी वायर ओढली. वेग मोजला, तीनशे चार. लेकीने तो आकडा बघितला आणि लॅपटॉप मिटला. दुपारी संस्थेचा फोन आला. नाव यादीतून काढलंय, वर्षभराने पुन्हा अर्ज करता येईल. जॉइंटरने तिच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, चूक माझी आहे, तिची नाही. पलीकडची बाई सभ्यपणे म्हणाली, कारण आम्ही बघत नाही. ‘कारण आम्ही बघत नाही’ हे वाक्य कंपनीने म्हटलं असतं तर त्याने गल्ली डोक्यावर घेतली असती. आता त्याने फोन ठेवला, वही काढली आणि कारणाच्या रकान्यातला पानोपानीचा शब्द एकेक करून खोडला. त्या जागी काय लिहिलं ते बायकोने नंतर वाचलं. बॅगवाल्याला पाच तारे दिले आणि दोन्ही तक्रारी खोट्या होत्या असं लिहून पाठवलं.

संध्याकाळी लेक म्हणाली, “उद्या मी इस्पितळात जाणार आहे. ती पेशंट तिथेच आहे.”

तुटलं तेव्हा स्क्रीनच्या पलीकडे एक पन्नाशीची बाई होती, बहिरी, लहानपणापासून, लिहिणं-वाचणं सहीपुरतं. मनगटात गाठ झाली होती. तिने डॉक्टरांना विचारलं होतं, ऑपरेशननंतर माझी बोटं हलतील ना? तिची बोटं म्हणजे तिची जीभ. डॉक्टरांनी उत्तर दिलं, लेक ते हातांनी सांगू लागली, ‘तुमची बोटं’ एवढं सांगून झालं आणि चित्र गोठलं. बाईने स्क्रीनवर बघितलं ते हवेत थांबलेले हात आणि अर्धवट उघडलेलं तोंड. तिने जो अर्थ लावायचा तो लावला. आता ती ऑपरेशनच्या कागदावर सही करायला तयार नव्हती, असं इस्पितळातून कळलं होतं.

“मी येतो,” जॉइंटर म्हणाला.

“कशाला?”

“येतो म्हटलं ना.” मग म्हणाला, “येऊ का?”

बसमध्ये दोघं शेजारी बसले. वॉर्डात ती बाई खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती, मनगट दुसऱ्या हातात धरून. लेकीला बघताच तिने ओळखलं. लेक समोर बसली आणि हातांनी बोलू लागली. बोटं हलतील, दोन महिने लागतील, पण सगळी हलतील. बाईने तेच तीनदा पुन्हा विचारलं, तीनदा तेच उत्तर घेतलं. मग डोळे पुसले आणि हनुवटीने जॉइंटरकडे दाखवलं. हा कोण?

“तिला सांग,” जॉइंटर म्हणाला, “वायर मी बिघडवली. माफी मागायला आलोय.”

लेकीने सांगितलं. बाईने त्याच्याकडे नखशिखान्त बघितलं आणि तिचे हात उठले. काय जोरात चालले ते हात. लेक त्याच्याकडे न बघता, सपाट आवाजात, शब्दाला शब्द बोलू लागली, आपल्या धंद्याच्या नियमाने.

“माफी मागून झालं? मी कालचा सबंध दिवस या खाटेवर बसून माझी बोटं मोजली. मला वाटलं कापणार. मी माझ्या नातवाला काय सांगेन, त्याच्याशी कशाने बोलेन, याचा विचार केला. तुम्ही कधी असं गप्प बसलायत? तुमच्यासमोर कोणी बोलता बोलता दगड झालंय?”

जॉइंटरने मान खाली घातली. फरशीवर एक फट होती, तिच्याकडे तो बघत राहिला.

“तुम्हाला तोंड दिलंय आणि त्याचं तुम्ही काय करता, तर ओरडता. नर्सने खुणेने सांगितलं मला, स्क्रीनमधून तुमच्या घरातल्या भांडणाचा आवाज येतोय म्हणून. माझ्या बोटांचं बोलणं चालू होतं आणि तुम्ही खाली ओरडत होतात. तुम्हाला कधी वाटत नाही की आपलं चुकत असेल? जगातली सगळी माणसं खोटी, सगळी मीटरं खोटी, तेवढी तुमची वायर खरी. मी किती समजावून सांगायचं? एकदा खाली लावून बघू या म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. तुम्ही वाक्य पुरं करू देत नाही. लहानपणापासून एकही वाक्य पुरं करू दिलं नाहीत. म्हणून मी हातांनी बोलायला शिकले, ठाऊक आहे तुम्हाला? त्यात मधे तोडता येत नाही, असं वाटलं होतं मला.”

जॉइंटरने मान वर केली. बाईचे हात केव्हाच मांडीवर येऊन थांबले होते. ती लेकीच्या चालत्या ओठांकडे बघत होती. लेक बोलतच होती, आणि तो ऐकत उभा राहिला.